दाढ काढल्यानंतरचे प्रश्न

दंत महाविद्यालयात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एका रिक्षावाल्या काकांची दाढ काढणं चाललं होतं. विद्यार्थिनी पकड पिळत होती, तिचा जोडीदार काकांचं कपाळ दाबून धरत होता. दाढ कडकन मोडली. रक्त हनुवटीवरून गळ्यावर उतरलं. ती मुळं खणत असताना काकांनी खुर्चीचा हात उपटायचाच बाकी ठेवला.

मग तिने तोंडात कापूस कोंबला आणि दातांना कीड लागण्याचा धोका ठरवायचा, खरं तर आधी भरायचा कागद पुढे ओढला.

"काका, दिवसातून गोड चहा किती वेळा?"

काकांनी दोन्ही पंजे उघडले. मान वर न करताच तिने 'धोका कमी'वर खूण केली.

"अगं, दहा म्हणताहेत ते," मी म्हणाले.

"मावशी, दाढ गेलीच की आता. हा कागद फक्त फाईलला लागतो."

मला रागावता येईना. उरकलेली कामं मागाहून यादीत लिहून त्यांवर खूण करण्याचं सुख मीही घेते. पण माझ्या यादीत कुणाचा जबडा नसतो.

काकांनी शेजारच्या दाढेवर बोट ठेवलं. तिने आरसा घालून पाहिलं.

"हीपण किडलीय. सोमवारी या, काढून टाकू," ती मायेने म्हणाली आणि कागद तसाच फाईलला लावला.