आत्याबाईंची उसनी दिलेली जोडी

अन्याय आमच्या आत्याबाईंवर झाला, आणि तो यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर झाला. राज्य खालसा झालं तेव्हा राजवाड्यातून काय काय गेलं ते वडीलधाऱ्यांनी सांगावं. मी माझ्या डोळ्यांदेखत गेलं तेवढंच लिहितो.

नवरात्रात तंजावुरात घरोघर कोलू असतो, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. सगळ्यांत वर रक्तचंदनाच्या तांबड्या लाकडाची नवरा-नवरीची जोडी, आईनं लेकीला लग्नात दिलेली. आत्याबाई दरसाल त्या दोघांना आपल्या जुन्या रेशमी लुगड्याचे कपडे शिवत. नवरीच्या निऱ्या मनासारख्या बसेपर्यंत घरात कुणाला कॉफी मिळत नसे. मला लहानपणी ताप आला की नवऱ्याच्या टाचा सहाणेवर उगाळून चाटवत. त्याच्या टाचा झिजल्यात त्या माझ्यापायी.

शेजारणीची पायरी रिकामी दिसली तर आपली बाहुली उसनी द्यायची, ही आमची रीत. दसऱ्यानंतर ती फळ घेऊन घरी येते.

त्या दुपारी नव्या संग्रहालयाचे साहेब आले. दुभाषा मी. त्यांना जोडी हवी होती. संग्रहालय म्हणजे काय ते आत्याबाईंना कसं सांगावं? मी शहाणा म्हणालो, "साहेबांनीही पायऱ्या मांडल्यात. सगळं गाव बघायला येणार."

"घरात बाईमाणूस आहे का त्यांच्या?"

"विलायतेत."

"अगोबाई! मग बिचाऱ्याची वरची पायरी रिकामीच की. ने बाबा, यंदा माझी ने. दोघांना वेगळं ठेवू नका म्हणावं."

मी सांगितलं. साहेबांनी मान डोलावली.

दसरा होऊन पंधरा दिवस गेले, जोडी आली नाही. साहेबांकडे फळ द्यायला बाईमाणूस नाही, म्हणून आत्याबाई स्वतःच नारळ घेऊन माझ्याबरोबर संग्रहालयात निघाल्या. नवरा एका काचेच्या कपाटात, नवरी समोरच्या कपाटात, दोघंही उघडी. खाली इंग्रजी चिठ्ठी होती, ती मी वाचून दाखवली: 'येथील मराठ्यांचे देव. भेट.'

"देव? अरे, माझा जावई तो! आणि अंगावर चिंधी नाही?"

पहारेकरी हसला. "अम्मा, काचेला हात लावू नका."

"तू आधी त्याला धोतर नेसव, मग मला शिकव!"

मी साहेबांना गाठलं. आलेली वस्तू परत जात नाही, म्हणाले. उसनं देण्याची रीत मी मागाहून रचली, असंही म्हणाले. तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीला लागणाऱ्या तमिळ महिन्यात, आत्याबाईंच्या लेकीचं लग्न आहे, आणि तिच्या हाती द्यायला जोडी नाही.

चूक माझ्या जिभेची, हे मी साहेबांना लिहून दिलं आहे. आता तंजावूरकरांनो, तुमचं काम. तुमच्या घरून कधी एक तरी बाहुली उसनी गेली आणि परत आली असेल, तर तेवढंच कागदावर लिहा, खाली सही करा, आणि तै लागायच्या आत संग्रहालयात स्वतः नेऊन द्या.