विझवला नाही, बंद केला

मोठ्याई गेली त्या सकाळी मी तिच्या जागेवर पणतीऐवजी विजेचा बल्ब लावला.

आत्या दारातच थबकली. "हे काय रे? तेल सरलं का घरातलं?"

मी म्हटलं, "मोठ्याईनंच सांगितलं होतं."

अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं सांगायची हिंमत झाली नाही.

मोठ्याई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. पन्नासच्या दशकात लग्न होऊन सिंदीला आमच्या घरी आली. त्याच वर्षी घरात वीज आली.

गल्लीतले लोक बघायला यायचे म्हणे.

"ह्या तारीतून रॉकेल येते का गा?"

"ह्याच्या उजेडात जेवू नोको, अन्न अंगी लागत नाई."

एका शेजाऱ्यानं बल्बला बिडी टेकवली अन् कितीतरी वेळ ओढत बसला. शेवटी म्हणाला, "बिडीच ओली हाये वाट्टे."

आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, घरातला पहिला बल्ब देवासमोर लावून घेतला. दिवेलागणीला बटन दाबलं. सगळ्यांनी हात जोडले.

मग झोपायची वेळ झाली.

बंद कसा करायचा ते वायरमन दाखवून गेला होता. पण देवासमोरचा दिवा आपल्या हातानं कसा घालवायचा? आमच्याकडे तो तेल संपलं की आपोआप शांत होतो.

आबाजी म्हणाले, "राहू द्या. सरन त्याचं तेल."

सगळं घर तोंडावर पांघरूण ओढून तेल सरायची वाट बघत पडलं. माझे बाबा तेव्हा लहान. ते रडायला लागले.

नवी सून उठली. पंधरा-सोळा वर्षांची. हात जोडले अन् बटन दाबलं.

"सगळ्यात आधी तुहे आबाजीच घोरले," मोठ्याई मला सांगायची अन् हसायची.

सकाळी मात्र घरात एकच कल्ला. सुनेनं देवाचा दिवा विझवला!

"विझवला नाई जी, बंद केला," ती म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. दिव्यासाठी हा शब्द तेव्हा घरात नव्हताच.

पुढे तिला मूल झालं नाही. अन् त्या एका रात्रीचा बल्ब तिला जन्मभर पुरला.

"जिनं देवाचा दिवा विझवला, तिच्या पोटी वंशाचा दिवा कसा लागन?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. बारशाला तिला पाळण्याच्या दोरीला हात लावू देत नसत. ती मागे उभी राहून घुगऱ्या वाटायची.

मला मात्र तिनंच वाढवलं. मी पुस्तक घेऊन बसलो की म्हणायची, "झोप आली का लाईट बंद करजो. भेऊ नोको."

दिवाळीनंतर ती खाटेला लागली. एक दिवस मला जवळ बसवलं.

"मी गेली का माह्या जागेवर पणती नोको ठेवू. बल्ब लावजो. अन् झोपाच्या येळी बंद करजो. सगळ्यायसमोर."

"काऊन, मोठ्याई?"

"पाहू दे त्याइले. काई होत नाई."

ती गेली. बल्ब लावला. बंद करणं मात्र जमेना.

गेलेल्या माणसाच्या जागेवरचा दिवा तेरवीपर्यंत जाऊ द्यायचा नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. रोज पूजा केल्याशिवाय चहा न घेणारा मी माणूस. त्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, आठवा महिना.

शेवटी आत्याला सगळं सांगितलं. ती उखडलीच.

"घरात पोरगी पोटुशी हाये! तुले काई कळते का?"

खरं सांगतो, भीती वाटली. जपाला बसलो तर माळ हातात अन् लक्ष बटनाकडे. हात तिथवर जायचा अन् मागे यायचा. उद्या काही झालं तर?

मग लक्षात आलं, ह्याच 'काही झालं तर'नं मोठ्याईचा जन्म खाल्ला.

काल रात्री सगळे समोरच्या खोलीत आडवे झालो. लेक डोळ्यांवर ओढणी घेऊन कूस बदलत होती.

"बाबा, ह्या उजेडात झोपच नाई लागून राह्यली."

"तेरवी होयेपर्यंत सोस, बाई," आत्या म्हणाली.

मी उठलो. बल्बसमोर हात जोडले.

आत्या उठून बसली. "विझवतं का रे?"

"नाई, आत्या. बंद करतो."

अन् बटन दाबलं.

अंधारात चाचपडत मी अंथरुणावर येऊन पडलो. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला.

आत्याच होती.

मोठ्याई, सगळ्यांसमोर बंद केला. झोप आता.