बंद गल्लीतले लूम

भिवंडीत जन्मलेलं पोर आधी लूमचा आवाज ऐकतं आणि मग आईचा, असं माझे वडील म्हणायचे. ते जॉबर होते, म्हणजे कापड विणणारे लूम बिघडले की दुरुस्त करायचे. आमचं घर कारखान्याच्या माळ्यावर होतं. खाली लूम चालायचे आणि वर ताटातली वाटी थरथरायची. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे गाव मी कानांनीच पाठ केलं.

बारावीनंतर एकटीनं कॉलेजला जायची वेळ आली, तेव्हा नाक्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतची गल्ली वडिलांनी मला लूमवरून शिकवली. पहिला कारखाना ते कामाला होते तोच, तिथला एक लूम मध्येच ठोका गाळायचा. पुढे सायझिंग, तिथं सुताला लावायच्या गरम खळीचा वास. मग कांडी मशीन, सूत गुंडाळणारं, बारीक घरघरणारं. ती घरघर आली की उजवीकडे वळायचं. शंका आली तर शटरवर तळहात ठेवायचा, थरथरलं तर रस्ता बरोबर. शुक्रवारी लूमना सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी ते स्वतः सोडायला यायचे.

त्या गल्लीच्या जोरावर मी शिकले आणि नोकरीला लागले. आता मी फिरती शिक्षिका आहे. शाळाशाळांतून फिरून अपंग मुलांना शाळेनंतरच्या आयुष्यासाठी तयार करते. तयार करते म्हणजे खरं तर भांडायला शिकवते. परीक्षेला रायटर मागायचा, जादा वेळ मागायचा, कोणी ‘बिचारी’ म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे गप्प करायचं. रस्ता ओलांडताना कोणी दंड धरला तर सोडवून घ्यायचा आणि आपण त्याचं कोपर धरायचं. धरणारे आपण असलो पाहिजे, एवढा एकच माझा हट्ट असतो.

शेलार गावची एक मुलगी माझ्याकडे होती. तिलाही दिसत नाही. बारावी झाली, तिला पुढे वकील व्हायचं होतं आणि तिचं बोलणं ऐकता ती आत्ताच झाली होती. तिचे वडील मानकोलीच्या गोदामावर टेम्पो चालवतात. माणूस वाईट नाही, पण भित्रा. कॉलेजचं नाव काढलं तेव्हा त्यांनी मला सरळ सांगितलं.

“मॅडम, तुमी बोलता ते खरा हाय. पन मी रोज ड्युटी सोडून हिच्या मागं फिरू शकत न्हाय. पयल्या दिशी मी फाटकावर उभा रातो. नाक्यावरना एकटी आली तर शिकंल. न्हाय आली तर घरी.”

“आणि आले तर मग कधीच सोबत यायचं नाही, कबूल?” पोरगी म्हणाली.

“कबूल.”

मला त्यांचा राग आला होता, पण कॉलेज माझंच होतं आणि गल्ली पायाखालची. म्हटलं, हिला तर मी डोळे मिटून पोचवीन. माझे विनोद असेच असतात.

सरावाच्या पहिल्या दिवशी मी तिला गल्लीत घेऊन गेले. “ऐक, हा जुना कारखाना. एक लूम ठोका गाळतोय बघ.” ती नुसती चालत राहिली. सायझिंगपाशी म्हणाली, “वास येतोय, मॅडम.” पुढे गेलो. “आता कांडी मशीन. घरघर आली ना? वळ.”

“कुठली घरघर?”

“लक्ष कुठे आहे तुझं?” मी खेकसले.

“मॅडम, इथं काहीच वाजत नाही.”

मला वाटलं चेष्टा करतेय. मी तिचा हात ओढून शटरवर ठेवला आणि शेजारी माझा ठेवला. शटर गार होतं. जराही हलत नव्हतं.

“आज शुक्रवार आहे का?” मी विचारलं.

“मंगळवार.”

समोरच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, यहाँ तो कब से सब बंद है. लूम सारे भंगार में गए. सायझिंग भी गया.”

माझा हात शटरवर होता. शटर गार होतं आणि आत लूम चालू होते. मला स्पष्ट ऐकू येत होते. मागच्या कारखान्यातला तो लूमसुद्धा, ठोका गाळणारा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी घाबरून मागे सरले आणि तिनं मला धरलं.

कानाच्या डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. लूमच्या माळ्यावर वाढल्यानं माझे कान बरेच गेलेत, आणि गेलेल्या जागी डोकं जुनाच आवाज भरतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. बदली होऊन परत इकडच्या शाळा मिळाल्यावर मी त्या गल्लीतून मजेत ये-जा करत होते. मेलेल्या मशिनींच्या सांगण्यावरून वळत होते आणि बरोबर पोचत होते. खरं सांगायचं तर ते आवाज जावेत असं मला तेव्हाही वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी मला वडील भेटणार होते?

“आत्ता पण चालू आहेत?” पोरीनं हळूच विचारलं.

“हो.”

“कोण चालवतंय?”

“चल, परत फिरू,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून रस्ता तिनं स्वतः बांधला. प्रत्येक शटरवर काठीचा टोला मारायची आणि थांबायची. जिथून लूम गेले ते गाळे पोकळ वाजतात, म्हणाली. जिथे कुणी खोकी भरून ठेवलीत ते वाजतच नाहीत. सायझिंगच्या भिंतीत खळीचा वास राहिला होता, तो आम्हा दोघींनाही यायचा. त्याच्यापुढचा दुसरा पोकळ गाळा, तिथं तिचं वळण. मला पोकळ आणि भरलेल्यात काही फरक कळेना. मी नुसती “हं, पुढे” म्हणत राहिले. तिला ते कळत असावं, कारण त्या दिवसांत तिनं माझी एकदाही टिंगल केली नाही.

त्या मंगळवारनंतर मी गल्लीत एकटी जाणं सोडलं. तिला नाक्यापर्यंत रिक्षानं आणायचे आणि परतताना मुद्दाम तिला पुढे चालवायचे. शिकवण्याची पद्धत आहे, असं सांगायचे.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी तिचे वडील फाटकावर उभे राहिले आणि मी नाक्यावर. “मागे वळायचं नाही, हाक मारायची नाही,” मी बजावलं. “माहितीये, मॅडम,” म्हणाली आणि निघाली. मी कान टवकारून उभी राहिले. काठीचा एक टोला आला, दुसरा आला. मग लूम सुरू झाले. मी मनातल्या मनात त्यांना म्हटलं, आजच्या दिवस गप्प बसा रे. ते बसले नाहीत. ती वळली की चुकली, रडतेय की हाका मारतेय, मला काही कळत नव्हतं. वडिलांचा लूम मात्र नीट ऐकू येत होता.

हातातला फोन थरथरला. तिचे वडील होते. मी आवाज मोठा केला.

“मॅडम, पोरगी आली. एकटी आली.” ते रडत होते. “मना बोलली, पप्पा, आता माझ्या मागं येऊ नका. नाक्यावर जा, मॅडमना घेऊन या. त्यांना त्या गल्लीत आयकू येत न्हाय. आनि बोलली, त्यांचा दंड धरू नका, तुमचा कोपर द्या. मॅडम, तुमी तिथंच उभ्या रावा, मी येतंय.”

मी काठी मिटली आणि त्यांची वाट पाहत उभी राहिले. गल्लीत सगळे लूम चालू होते.