आबांच्या खोलीची वाळू

वाळूचे डंपर दिसले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आजही जाते. फरक इतकाच, की आता शिव्या द्यायला लागले की पहिली मीच आठवते.

माझं माहेर गिरणाकाठचं. आबा, म्हणजे माझे वडील, नदीच्या वाळूत डांगर लावायचे, खरबुजाचे वेल. वळणावर वाऱ्याने साठवलेलं वाळूचं टेकाड होतं, आमच्या घराहून उंच. सकाळी त्यावर कोण कोण येऊन गेलं ते दिसायचं. कोल्ह्याची पावलं, टिटवीची नखं, सापाची नागमोडी रेघ. कासवीण मात्र गोणी ओढत नेल्यासारखा रुंद पट्टा ठेवून जायची. तिने अंडी पुरली तिथे आबा तुरकाठी खोचायचे. मग त्या काठीजवळ फावडं लावायचं नाही. तिथला वेल वाळला तरी चालेल.

आबा माझ्याकडे देवपूरला राहायला आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात म्हणायचे, टेकाड दाखवून आण. यंदा नेलं. टेकाड नव्हतंच. पुरुषभर खड्डे, त्यात हिरवं पाणी आणि वर ओरडत फिरणारी एक टिटवी. तिथे ट्रॅक्टर भरणाऱ्याला मी वाट्टेल ते बोलले. नदी काय तुझ्या बापाची आहे?

तो शांतपणे म्हणाला, "ताई, घर बांधणारेच मागतात."

मेला उद्धट, म्हणत मी आबांना गाडीत बसवलं. घरी येईपर्यंत तलाठ्यापासून वर सगळ्यांचा उद्धार केला. आबा खिडकीबाहेर बघत होते.

आबांचे गुडघे जिना मानत नव्हते, म्हणून आम्ही खाली त्यांच्यासाठी खोली बांधत होतो. आठवड्याभरात प्लास्टरची वेळ आली. मिस्त्रीने विचारलं, मशीनची वाळू की नदीची? मी म्हटलं, "नदीचीच आणा. फिनिशिंग चांगलं पाहिजे." बोलताना जीभही अडखळली नाही माझी!

दारात वाळू पडली. चाळणाऱ्या बाईने चाळणीवरचे खडे, शिंपले बाजूला टाकले. त्यात तीन पांढरे गोल होते. आबांनी ते उचलून तळहातावर धरले.

"कासवनं अंडं शे हाई," ते म्हणाले. "बठ्ठी नदीच घर लई उनी का व?" सगळी नदीच घरी घेऊन आलीस का, असं विचारत होते.

मी लगेच वाळू पुरवणाऱ्याच्या नावाने तोंड सोडलं. चोर, नालायक, यांना तुरुंगातच टाकायला हवं.

"तू कोनले बोली ऱ्हायनी?" आबांनी विचारलं.

आबांनी अंडी ढिगात पुरली, खराट्याची एक काडी मोडून वर खोचली आणि मिस्त्रीला म्हणाले, "आठे फावडं लावू नका."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. फावडं नको म्हणून मी हात हलवला.

त्या अंड्यांतून काही निघणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. काडी तशीच आहे. खोली प्लास्टरवाचून उघड्या विटांचीच आहे. आबा गुडघे धरत जिन्यानेच वर जातात आणि मला हात लावू देत नाहीत.