भरती उतरेपर्यंत

मुंबईत काय काय पाहिलं, असं गावात लोक विचारतात. मी देवळं सांगतो. मुंबादेवी सांगतो, वाळकेश्वर सांगतो, समुद्रकाठची महालक्ष्मी सांगतो. माणसं हात जोडतात आणि मला भाग्यवान म्हणतात. आम्ही दर्शनाला गेलो नव्हतो, दादाला शोधायला गेलो होतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. पण तेवढंच कोणी विचारत नाही.

वहिनी बाळंतपणात गेली. मुलगी जगली. दादाने तिचं तोंड पाहिलं नाही आणि तेराव्यानंतर तो घरातून निघून गेला. आमच्या वऱ्हाडात असा गेलेला माणूस शोधायचा तर आधी देवस्थानं पाहतात. पोटासाठी म्हणा, मनासाठी म्हणा, तो कुठल्यातरी पंगतीत बसलेला सापडतो. बाने शेगाव पाहिलं, इकडची सगळी ठिकाणं पाहिली. मग कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला जाऊन आलेल्या गावच्या एका माणसाने सांगितलं, की तुमचा थोरला तिथं एका देवळाच्या पायरीवर बसलेला दिसला, मागे समुद्र होता. पेरणी तोंडावर आली होती. दादाशिवाय वावर पडीक राहिलं असतं, नाहीतर मला कॉलेज सोडावं लागलं असतं. घरात हे कोणी बोललं नाही. सुटीत नागपूरहून घरी आलो होतो. बा म्हणाला, "तू शिकेल हायस, संग चाल." शेगावला आम्ही गाडीत बसलो.

मागे समुद्र असलेलं देऊळ एवढ्या खुणेवर माणूस सापडेल, असं दोघांनाही वाटलं. मुंबईत पोचल्यावर कळलं, की तिथं जवळजवळ सगळ्याच देवांच्या मागे समुद्र आहे. वाळकेश्वरच्या तळ्याकाठी झोपलेल्या प्रत्येकाच्या तोंडावरचं पांघरूण बा सारायचा आणि शिव्या खायचा. वांद्र्याच्या टेकडीवर माउलीचं जुनं चर्च आहे. लोक बूट घालून आत जात होते, बाने वहाणा बाहेर काढल्या. दाराशी एक बाई मेणाचे हात, पाय, डोळे विकत होती. ज्याचं जे दुखतं ते आत वाहायचं.

बाने विचारलं, "हरवलेल्या माणसाचं काही हाय काय, बाई?"

"अख्खा पुरुष घ्या की," ती म्हणाली. "कोण हरवलंय? तुम्हीच हरवल्यासारखे दिसता."

बाने मेणाचा पुरुष घेतला आणि आत जाऊन वाहिला. मी बाहेरच उभा राहिलो. इतिहासाच्या पुस्तकात असल्या इमारतींबद्दल मी आवडीने वाचलं होतं. आता त्या भिंतींकडे पाहावंसंही वाटेना.

महालक्ष्मीच्या मागच्या खडकांवरून समुद्रातला दर्गा दिसला. पाण्यातून एक बुटकी वाट तिकडे गेली होती आणि माणसं तिच्यावरून चालत होती. बा म्हणाला, "तिथं असंन तो. डोक्यावर परिणाम झालेल्याले आपल्याकडेबी दर्ग्यावरच नेतात."

आणि दादा तिथं होता. अंगण झाडत होता. दाढी वाढली होती. आम्हाला पाहून त्याने झाडू थांबवला नाही.

"तुमी काऊन आले?"

"तुले न्याले," बा म्हणाला.

"मी येत नाही." झाडू भिंतीला टेकवून तो वाटेकडे निघाला. आम्हाला टाळून तो किनाऱ्यावर गेला असता, तर त्या शहरात पुन्हा सापडला नसता. मी मागे धावलो. पण थोड्याच अंतरावर तो थांबला. वाट पाण्याखाली गेली होती.

बा घाबरला. "पूर आला. वरतं पाऊस झाला काय बे?"

"पूर नाही व्हय, बा. भरती हाय. रोज येते, रोज उतरते." मग दादा माझ्याकडे पाहून म्हणाला, "कॉलेजवाले, तुमच्या मास्तरनं हे नाही सांगतलं?"

तो थोडा हसला. मला वाटलं, आता जमेल.

"उतरेपर्यंत तं बसशील?" बाने विचारलं.

आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. दादाने तिथलीच रोटी आणून दिली. बा बैलांचं सांगत राहिला, विहिरीचं, शेजाऱ्याने बांध कोरल्याचं. दादा ऐकत होता, मध्येच विचारतही होता. शेवटी बा म्हणाला, "पोरगी आता हासते."

दादाने हातातली रोटी मोडली. मग म्हणाला, "कोनावर गेली?"

मी बाच्या गुडघ्याला हात लावला. पण बाला खोटं बोलणं कधी जमलं नाही.

"तिच्यावरच. डोळे, हनोटी, सारं तिचंच."

दादाने रोटीचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळला. "मंग मी कसा पाहू तिले, बा?"

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. शिकलेला म्हणून मला आणलं होतं. मी पाण्याकडे पाहत राहिलो आणि ते उतरू नये असं मनात म्हणत राहिलो.

ते उतरलं. आधी वाटेच्या कडेचे दगड दिसले, मग वाट. दादा उठला आणि पुन्हा झाडू लागला. मी बाला हात दिला. तो उठला नाही.

"तू जाय," तो म्हणाला. "मी राह्यतो याच्यापाशी. मायले सांग, दोघं संगच येऊ."

"आन् वावराचं?"

"तू हायस ना."

दादाने मान वर केली नाही. ओल्या वाटेवरून मी एकटा किनाऱ्यावर आलो. मागे वळून पाहिलं तेव्हा एवढ्या माणसांत बा कुठला ते ओळखू येईना.

घरी माय ओसरीवर पोरीला न्हाऊ घालत होती. मी निरोप जसाच्या तसा सांगितला. तिने पोरीच्या डोक्यावरचं पाणी निपटलं आणि विचारलं, "त्याच्या समोर तुहे बा रडले काय?"

"नाही."

"मंग कसा येईन तो," ती म्हणाली. "तुह्या बाले रडता येत नाही, त्याले बोलता येत नाही. बसतीन दोघं तिथं."

पोरगी थंडीने रडू लागली. मायने तिला पदरात घेतलं आणि मला म्हणाली, बैल सकाळपासून दावणीलाच आहेत.