निघताना दही

सुलभाताईंचं काम म्हणजे उंदरांना खाऊ घालून आजारी पाडायचं. भोपाळच्या एका फार्मसी कॉलेजातलं प्राणीघर कित्येक वर्षं त्यांच्याच अंगावर पडलंय. वनस्पती तुपात पीठ मळायचं, गोळ्या वळायच्या, पांढऱ्या उंदरांचं कोलेस्टेरॉल वाढेस्तोवर चारायच्या. मग पीएचडी करणारी अमृता निम्म्यांना अर्जुनाच्या सालीचा अर्क पाजते आणि उतार पडतो का ते बघते. शेवटच्या रात्री सगळ्यांना उपाशी ठेवायचं, कारण पोटात काही असलं की रक्ताचे आकडे खोटे येतात. सकाळी रक्त काढलं की पिंजरे रिकामेच परत येतात. ते घासायचेही ताईंनीच. नेहरू नगरला घरी पोचल्यावरही हाताचा तुपकट वास जात नाही. पुऱ्या तळायच्या म्हटलं की त्यांना शिसारी येते.

गेल्या हिवाळ्यात मुलगा तुषार पुण्याला नोकरीला निघाला. ताईंनी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. घरातून कुणी रिकाम्या तोंडी निघू नये, एवढं त्यांना ठाऊक. त्याच आठवड्यात रक्त काढायची सकाळ आली. उंदीर आशेनं पुढे आले, नाकं जाळीला लावून. आजवर ताई मान फिरवून वेळ मारून नेत. त्या दिवशी जमलं नाही. डब्यातल्या दह्यात चहाची साखर कालवली आणि एकेकाला बोटानं चाटवलं. जीव जरा निवला.

काही दिवसांनी अमृता आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. "ताई, रिपोर्टमध्ये पूरी गडबड आहे. कुणी काही खिलवलं होतं का उंदरांना?"

"मी दही दिलं. जाताना उपाशी कसं धाडायचं, गं?"

अमृता रागावली नाही. रागावली असती तर ताईंना बरं वाटलं असतं. ती नुसती स्टुलावर बसली. "मग सब कुछ परत करावं लागेल. उंदीरपण नवे. तितकेच."

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. आधीचे फुकट गेले, आणि ताईंच्या मायेपायी आता तितकेच आणखी जाणार. पिंजरे घासताना त्यांना रडू आलं.

नवे उंदीर आले. पुन्हा तेच तूप, त्याच गोळ्या, तेच दुखरे खांदे. शेवटच्या सकाळी ताईंनी घरून दही आणलंच नाही. जाळीला नाकं लागली. ताईंनी रिकामं बोट पुढे केलं.

उंदरांनी तेच चाटलं.