पोचा आलेला तांब्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय – मध्ये थांबलो, तर थांबू द्या.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण ती पदवी आली कुठून? थोरल्या भावाच्या ब्रशातून. दादा शाळा सोडून एका मोठ्या चित्रकाराच्या स्टुडिओत राहिला. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. उतारवयात मास्तरांचा हात थरथरायला लागला. मग चेहरा तेवढा ते करायचे, मागचं सगळं दादा. मास्तर गेल्यावर दादा थिएटरांची बॅनरं रंगवू लागला आणि मी बी. ए. झालो.

बी. ए.च्या जोरावर मला कोल्हापुरातल्याच एका कलासंग्रहालयात नोकरी लागली. लोकांना चित्रं समजावून सांगायची. उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी तिथं सगळ्यांना फुकट प्रवेश असायचा. रंकाळ्यावर निघालेली माणसं पोराबाळांसकट आधी आमच्याकडं डोकावायची. दालनात माझं बोलणं, मग हिरवळीवर कुणीतरी चित्र काढून दाखवायचं. मी अगदी पुस्तकी बोलायचो. घरातलं 'हाय-न्हाय' फाटकाबाहेर ठेवून यायचो. आणि एक सांगायचं राहिलं – माझा भाऊ जयसिंगपूरला प्राध्यापक आहे, असं मी तिथं सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं होतं का? नाही. मीच आपणहून.

पुढं एका साली छापील फ्लेक्स आलं. दोन महिन्यांत दादाचं काम बसलं. ब्रश धुऊन, सुकवून, तो दिवसभर दारात बसून राहायचा. नेमक्या त्याच उन्हाळ्यात आमच्या संचालकबाई मास्तरांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाच्या शोधात होत्या. शनिवारी लोकांपुढं चित्र काढायचं, आणि जमलं तर जुनी चित्रं सांभाळायची कायमची नोकरी. असा कुणी ओळखीचा आहे का, म्हणून मलाही त्यांनी विचारलं होतं. बघतो, म्हणालो. घरी एका शब्दानं बोललो नाही.

पण गाव ते गावच. दादाच्या कानावर गेलंच.

शनिवारी मी मास्तरांच्या एका चित्रापुढं बोलत होतो. खुर्चीत बसलेले एक वृद्ध गृहस्थ, मागं कोनाड्यात तांब्या. समोर तीसेक माणसं, बाजूला बाई. आणि मागून आवाज आला –

"ह्यो तांब्या मी रंगवलाय. मागचं समदं माझंच हाय की."

दादा. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण नखांत रंग होता. तो आत शिरला कधी, मला कळलंच नाही.

कुणीतरी हसलं. "मग म्हातारंबी तुम्हीच काढलं असंल, पावणं!"

"न्हाय. तोंड मास्तरांचं," दादा शांतपणे म्हणाला. "तांब्याला पोचा हाय बघा डाव्या अंगाला. त्यो आमच्या घरातला तांब्या हाय. इचारा –"

आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं.

तो तांब्या मी ओळखत नव्हतो? लहानपणी आडावर माझ्याच हातून पडला होता तो. तो पोचा माझा होता. त्या दालनात दादाचं खरं करणारा एकच माणूस होता, आणि तो मी होतो.

बाईंनी मला विचारलं, "तुम्ही ओळखता यांना?"

किती वेळ गेला असेल? एक श्वास. तेवढ्यात खरं बोलता येतं हो. सहज येतं.

"नाही," मी म्हणालो. वर आणखी – कुणी विचारलं नसताना – "मास्तरांचं नाव सांगत अशी माणसं येतात, मॅडम."

दादानं माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नव्हे – राग असता तर बरं झालं असतं. मग माझ्यापुढंच हात जोडले.

"चुकलं आमचं, पावणं. चालू द्या तुमचं."

सख्ख्या भावाला पावणं म्हणाला. मला वाचवायला म्हणाला. आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत मी पुढच्या चित्राबद्दल बोलायलाही लागलो होतो.

घरी गेलो, तर वहिनीनं ताट वाढलं. दादा म्हणाला, "आज लई गर्दी हुती व्हय रं?" बस्स. पुढं तो ऊसगाळपाच्या हंगामात साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून लागला. ब्रश पुन्हा हातात धरला नाही. आई गेल्यावर वाटणीत तांब्या त्यानंच माझ्यापुढं सरकवला. "तुझ्याकडं असू दे." तो कपाटात आहे. पोचा भिंतीकडं करून ठेवलाय.

पण खरं सांगायचं ते याच्या पुढचं आहे. तो शनिवार एका श्वासाचा होता, असं म्हणून मी सुटलोही असतो. काही वर्षांनी त्या चित्राखालची पाटी बदलायची ठरली. तोवर बाई बदली होऊन गेल्या होत्या, दालनाचा प्रमुख मी झालो होतो. मजकूर मलाच लिहायचा होता. विचारणारं, हसणारं कुणी नव्हतं. दुपारभर कागद पुढं घेऊन बसलो.

आणि एकच नाव लिहिलं. मास्तरांचं.